संत फ्रान्सिस झेवियर आणि समुद्रापलीकडचीं गांवें

स्वारगेटच्या स्थानकावरून संध्याकाळीं सुटलेली गाडी दुसऱ्या दिवशीं सकाळीं गोव्यास पोहोंचते. २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत जुन्या गोव्यांत संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचें दशवार्षिक दर्शन झालें, तेव्हां पुण्याहूनहि पुष्कळ भाविक असेच एका रात्रीच्या प्रवासानें तेथें जाऊन आले. ज्यांच्या दर्शनास जाण्यासाठीं आपणांस एक रात्र पुरते, त्यांना स्वतःला लिस्बनहून गोव्यास येण्यास तेरा महिने लागले होते. आपण घाटमाथ्यावरचीं माणसें. समुद्र आपणांस सुटीच्या दिवशींच दिसावयाचा. त्यामुळें ह्या संतांच्या धर्मकार्याचा केवढा भाग पाण्यावर गेला, आणि ज्या गांवांचा ध्यास त्यांनीं घेतला त्यांपैकीं कित्येकांस शिडाच्या गलबताखेरीज बाहेरच्या जगाशीं दुसरा दुवाच नव्हता, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं.

ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेंत त्यांचें समग्र चरित्र देण्याचा विचार नाहीं. तें आपल्या वाचकांनीं लहानपणींच धर्मशिक्षणाच्या वर्गांत ऐकलेलें आहे. येथें मुख्यतः तीन बेटांची हकीकत सांगावयाची आहे. एका बेटावर त्यांना राहूं दिलें नाहीं; दुसऱ्या ठिकाणीं जाऊं नये म्हणून सर्वांनीं अडविलें असतांहि ते गेले; आणि तिसऱ्या बेटावरून त्यांना पुढें जातांच आलें नाहीं.

संत फ्रान्सिस ह्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजीं नव्हार देशांतील झेवियर नांवाच्या गढींत झाला. नव्हार आज स्पेनच्या उत्तर भागांत मोडतो. त्या वेळीं तें स्वतंत्र राज्य होतें आणि फ्रान्सिस ह्यांचे वडील त्या दरबारांत मोठ्या अधिकारावर होते. १५१२ सालीं कॅस्टीलच्या सैन्यानें तें राज्य जिंकलें, १५१५ त वडील वारले, आणि पुढच्याच वर्षीं जेत्यांनीं त्या गढीचे तट व बुरूज पाडून टाकले. अशा पडक्या घरांतून एकोणीस वर्षांचा हा सर्वांत धाकटा मुलगा १५२५ त पॅरिसच्या विद्यापीठांत शिकावयास गेला. तेथें पिएर फाव्र व पुढें इग्नेशियस लोयोला हे त्याच्याच खोलींत राहूं लागले. इग्नेशियस ह्यांना हें मानी मन वळविण्यास बरींच वर्षें लागलीं. १५ ऑगस्ट १५३४ रोजीं माँमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनीं व्रतें घेतलीं, व त्यांतूनच पुढें येशूसंघ जन्मास आला. २४ जून १५३७ रोजीं व्हेनिस नगरांत फ्रान्सिस ह्यांस गुरुदीक्षा मिळाली. १५४० त पोर्तुगालचे राजे तिसरे जॉन ह्यांनीं हिंदुस्थानासाठीं धर्मगुरू मागितले, त्या वेळीं निवड बोबादिल्या नांवाच्या दुसऱ्याच सोबत्याची झाली होती. ते आजारी पडले म्हणून आयत्या वेळीं फ्रान्सिस ह्यांस निघावें लागलें. हिंदुस्थानच्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाचें एवढें मोठें पान एका माणसाच्या दुखण्यानें उलटलें!

७ एप्रिल १५४१ रोजीं, म्हणजे त्यांच्या पस्तिसाव्या वाढदिवशीं, ‘सान्तियागो’ हें जहाज लिस्बनहून निघालें. नवे गव्हर्नर मार्तिम आफोन्सो द सोझा त्याच जहाजावर होते. राजाच्या माणसांनीं फ्रान्सिस ह्यांच्या सेवेसाठीं एक नोकर देऊं केला होता. तो त्यांनीं घेतला नाहीं. पहिले दोन महिने त्यांना एकसारखी बोट लागत होती. पुढें आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्याजवळ वारा पडला, आणि चाळीस दिवस जहाजावरील सर्वांस अतोनात हाल सोसावे लागले. शिडाच्या जहाजाचें असेंच असतें. वारा असेल तर तें एखाद्या घोड्यासारखें धांवतें, वारा पडला कीं आगीसारख्या उन्हांत जागच्या जागीं खिळून राहतें. पिण्याचें पाणी नासतें, अन्न कुजतें, आणि माणसें आजारी पडूं लागतात.

शिवाय हिंदी महासागरावरील वारे कोणाच्या सोयीनें वाहत नाहींत. पावसाळ्याआधींचा नैर्ऋत्येकडील वारा गांठला तर आफ्रिकेहून गोवा गांठतां येई; तो चुकला तर पुढल्या वर्षाची वाट पाहत बसावें लागे. ह्या ताफ्यास उशीर झाला होता. म्हणून मोझांबिकच्या बेटावर सुमारें सहा महिने काढणें भाग पडलें. तेथें फ्रान्सिस इस्पितळांतील आजाऱ्यांची शुश्रूषा करीत असतां स्वतःच तापानें अंथरुणास खिळले. १५४२ च्या आरंभीं गव्हर्नर ‘कूलाम’ नांवाच्या दुसऱ्या जहाजानें पुढें निघाले व त्यांनीं फ्रान्सिस ह्यांस बरोबर घेतलें. दोघे सोबती आजाऱ्यांजवळ मागें राहिले. मलिंदी बंदरावरून हें जहाज सोकोत्रा बेटास आलें.

सोकोत्रा हें आफ्रिकेच्या शिंगाच्या पूर्वेस भर समुद्रांत असलेलें बेट. आज तें येमेन देशांत गणलें जातें. आपल्या पश्चिम किनाऱ्याशीं त्याचें नातें फार जुनें आहे. तेथील होक नांवाच्या गुहेंत प्राचीन हिंदी खलाशांनीं व व्यापाऱ्यांनीं ब्राह्मी लिपींत लिहून ठेवलेलीं नांवें ह्या शतकाच्या आरंभीं संशोधकांस मिळालीं, आणि त्यांत भरुकच्छ म्हणजे भडोच बंदराचा उल्लेख आहे. कोरफड आणि एका वृक्षाचा रक्तासारखा लाल डिंक ह्यांसाठीं व्यापारी तेथें जात. परंतु फ्रान्सिस ह्यांस तेथें जें दिसलें तें ह्या सर्वांहून निराळें होतें.

जमीन खडकाळ. गहूं पिकत नव्हता, तांदूळ नव्हता, द्राक्षें नव्हतीं. खजूर मात्र विपुल होता व त्याचीच भाकरी करून लोक खात. गुरेंढोरें हीच काय ती संपत्ति. कोणास लिहितां-वाचतां येत नव्हतें, आणि सबंध बेटावर पुस्तक असें नव्हतेंच. तरीहि हे लोक स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होते! प्रेषित संत थॉमस ह्यांच्यापासून आपला धर्म आला असें ते अभिमानानें सांगत. गांवोगांव देऊळ होतें, त्यांत क्रूस होता व क्रूसापुढें दिवे तेवत होते. प्रत्येक गांवाचा एक पुरोहित असे, त्यास ‘कासीस’ म्हणत. तो संसारी गृहस्थ असून दिवसांतून चार वेळां देवळांत जाऊन प्रार्थना म्हणे. त्यांतली एक वेळ मध्यरात्रीची होती. घंटा नव्हत्या. पवित्र आठवड्यांत घंटा मुक्या होतात तेव्हां आपण जशा लांकडी फळ्या वाजवितों, तशा वाजवून ते लोकांस बोलावीत. उपवास इतका कडक पाळीत, कीं त्या दिवसांत दूध किंवा मांस तोंडास लावीत नसत.

एका सायंकाळीं फ्रान्सिस अशा एका प्रार्थनेस जाऊन बसले. ती जवळजवळ तासभर चालली. कासीस एकसारखा धूप दाखवीत होता व एकसारखा पुटपुटत होता. ते शब्द खाल्डी म्हणजे सुरयानी भाषेचे होते. पिढ्यानपिढ्या तोंडपाठ चालत आलेले. त्यांचा अर्थ ऐकणारांस कळत नव्हता, आणि म्हणणारासहि कळत नव्हता. फ्रान्सिस ह्यांनीं कान देऊन ते शब्द कागदावर टिपून घेतले. त्यांत एक शब्द पुनःपुन्हां येत होता. तो आपल्या आल्लेलुयासारखा त्यांना वाटला. स्नानसंस्कार म्हणजे काय हें त्या पुरोहितांस ठाऊक नव्हतें.

ह्याचें कारण शोधावयास फार लांब जावयास नको. पूर्वीं मेसोपोटेमियांतील पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेकडून ह्या बेटास महागुरू नेमले जात. पुढें तो संबंध तुटला. शिकविणारा येईनासा झाला, पुस्तकें गेलीं, भाषा गेली. राहिला तो दिवा, ती फळी, तो धूप आणि अर्थ हरवलेले शब्द. त्या लोकांस अडाणी म्हणून हंसणें सोपें आहे. परंतु ज्यांनीं गुरु नाहीं, ग्रंथ नाहीं, अर्थ नाहीं अशा स्थितींत पिढ्यानपिढ्या मध्यरात्रीं उठून प्रार्थना चुकूं दिली नाहीं, त्यांची निष्ठा आपल्या रविवारच्या निष्ठेहून उणी होती असें मला म्हणवत नाहीं.

फ्रान्सिस ह्यांनीं तेथील पुष्कळ मुलांस स्नानसंस्कार दिला. आईबाप आनंदानें मुलें घेऊन आले व आपल्या गरिबींतून खजुराची भेट घेण्याचा त्यांना आग्रह करूं लागले. त्यांनीं फ्रान्सिस ह्यांस तेथेंच राहण्याची विनंती केली. सर्व गांवानें स्नानसंस्कार घेण्याचें कबूल केलें. फ्रान्सिस ह्यांचें मन तेथें गुंतलें. त्यांनीं गव्हर्नरांकडे परवानगी मागितली. गव्हर्नर नाहीं म्हणाले. त्यांचीं कारणें खोटीं होतीं असें नाहीं. पोर्तुगीजांनीं १५०७ सालीं त्या बेटावर किल्ला घेतला होता, पण चार वर्षांतच तो सोडून द्यावा लागला होता. बेटावर सत्ता अरबांची होती. तुर्कांचें आरमार आलें तर हा एकटा धर्मगुरू कैद होऊन जाईल, ही भीति होती. आणि हिंदुस्थानांत त्यांची वाट पाहणारे लोक अधिक होते. फ्रान्सिस ह्यांनीं आज्ञा मानली. जहाजाचीं शिडें उभारलीं गेलीं.

पुढें येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं सोकोत्र्यास जाऊन पाहिलें, पण तें कार्य टिकलें नाहीं. १८३४ सालीं वेलस्टेड नांवाच्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्यानें त्या बेटाची पाहणी केली, तेव्हां तेथें एकहि ख्रिस्ती उरला नव्हता.

६ मे १५४२ रोजीं फ्रान्सिस गोव्यास पोहोंचले. पुढचीं तीन वर्षें सर्वांस परिचित आहेत: गोव्याच्या गल्ल्यांतून हातांत घंटा घेऊन मुलांस गोळा करणें, इस्पितळांत निजणें, तुरुंगांत जाणें, आणि मग कन्याकुमारीच्या पूर्वेकडील मोत्यांच्या किनाऱ्यावर परवर कोळ्यांच्या वस्त्यांतून पायीं हिंडणें. परंतु सोकोत्र्यानें त्यांना काय शिकविलें तें ह्या किनाऱ्यावर दिसून येतें. परवर लोकांचा स्नानसंस्कार कांहीं वर्षांपूर्वींच झाला होता, पण त्यांना धर्म कोणी शिकविला नव्हता. फ्रान्सिस ह्यांनीं पहिलें काम केलें तें हें, कीं दोन्ही भाषा थोड्याफार जाणणारीं माणसें जमवून क्रूसाची खूण, प्रेषितांचा विश्वासांगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना व नमो मरिया हें सर्व तमिळ भाषेंत उतरवून घेतलें आणि स्वतः पाठ केलें. मग गांवोगांव घंटा वाजवून तें शिकविलें. निघतांना एक प्रत गांवांत ठेवली व दररोज मुलांस म्हणावयास लावणारा एक माणूस नेमून दिला.

लोकसमजुतींत त्यांना सर्व भाषांचें दैवी दान होतें असें म्हणतात. मला ही समजूत त्यांच्या मोठेपणांत उणेपणा आणणारी वाटते. परक्या भाषेचे न समजणारे शब्द घोकून घोकून जिभेवर बसविण्याचे कष्ट त्या पॅरिसच्या पंडितानें चाळिशीकडे झुकलेल्या वयांत घेतले. आपल्याकडे त्यांच्या मागून आलेले येशूसंघाचेच फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीं मराठींत ख्रिस्तपुराण रचलें, तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें; त्यामागें हीच दृष्टि होती.

१५४५ च्या शरदृतूंत फ्रान्सिस मलाक्का बंदरास आले. तेथें मोसमाची वाट पाहतांना त्यांनीं तींच प्रार्थनासूत्रें मलायी भाषेंत करून घेतलीं, कारण पूर्वेकडील बेटांच्या बंदरांतून ती भाषा समजत असे. १ जानेवारी १५४६ रोजीं त्यांनीं मलाक्का सोडलें व १४ फेब्रुवारीस ते आंबोन बेटास उतरले. त्या बेटावर ख्रिस्ती लोकांचीं सात गांवें होतीं; त्यांचा धर्मगुरू वारला होता. फ्रान्सिस गांवोगांव गेले. घरांत शिरून आजाऱ्यांजवळ प्रार्थना म्हणत, आणि जन्मलेलीं पण स्नानसंस्कार न झालेलीं मुलें शोधून काढीत. त्यांतील कित्येक मुलें संस्कारानंतर थोड्याच दिवसांत दगावलीं. पुढें तेथें व्हियालोबोस ह्याचा स्पॅनिश ताफा येऊन लागला. खलाशी रोगानें जर्जर झाले होते. फ्रान्सिस ह्यांनीं त्यांची सेवा केली आणि स्वतः व्हियालोबोसहि त्याच बेटावर वारला.

ह्याच भागांत खेकड्याची प्रसिद्ध गोष्ट घडली असें सांगतात: वादळांत समुद्रांत पडलेला क्रूस एका खेकड्यानें किनाऱ्यावर आणून दिला. आपल्या घरांतील तसबिरींत ती चित्रितहि असते. संतपद देण्याच्या चौकशींत एका साक्षीदारानें ती सांगितली होती. परंतु येशूसंघाच्याच चिकित्सक इतिहासकारांनीं ती इतिहास म्हणून मानलेली नाहीं. आणखीहि एक गोष्ट येथें सांगावयास हवी, ती तसबिरींत नसते. ह्याच आंबोनहून मे १५४६ मध्यें त्यांनीं पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून गोव्यांत धर्मन्यायसभा स्थापण्याची मागणी केली. ती न्यायसभा त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० त, आली आणि तिनें गोव्याच्या लोकांस जें सोसावयास लावलें तें लपविण्याजोगें नाहीं. ज्या हातांनीं मुलांस पाणी घातलें त्याच हातांनीं तें पत्र लिहिलें. चरित्रकारानें दोन्ही लिहावें.

आंबोनहून ते तेर्नाते बेटास आले. तेथें पोर्तुगीजांचा किल्ला व लवंगांचा बाजार होता. थोड्याच दिवसांत तेथें असें झालें, कीं मुलें रस्त्यांत, स्त्रिया घरांत, कष्टकरी शेतांत आणि कोळी होड्यांत पूर्वींच्या गाण्यांऐवजीं प्रार्थनासूत्रेंच गाऊं लागले. परंतु फ्रान्सिस ह्यांचें लक्ष त्याहून पलीकडे लागलें होतें. उत्तरेस मोरो नांवाचा प्रदेश होता: हाल्माहेरा बेटाचा उत्तरेकडील किनारा आणि त्यासमोरील मोरोताई बेट. तेथील कांहीं गांवांनीं सुमारें १५३४ सालीं ख्रिस्ती धर्म घेतला होता. ज्या धर्मगुरूनें त्यांना शिकवावयाचें तो सिमांव वाझ लवकरच मारला गेला, आणि तेव्हांपासून तिकडे कोणी फिरकलें नव्हतें. म्हणजे सोकोत्र्याचाच आरंभ पुन्हां होत होता. तेथें जें होण्यास शतकें लागलीं त्याचीं पहिलीं बारा वर्षें येथें संपलीं होतीं.

तेर्नातेच्या मित्रांनीं त्यांना परोपरीनें अडविलें. मोरोचे लोक अन्नांत विष घालतात, परक्याचा जीव घेतात, असा बोभाटा होता. कोणी रडले, कोणी हात धरले. शेवटीं ते ऐकत नाहींत असें पाहून मित्रांनीं विषावरील निरनिराळे उतारे आणून दिले. फ्रान्सिस ह्यांनीं त्यांतील एकहि घेतला नाहीं. उतारा जवळ बाळगला तर भीतीचें ओझें वाढेल, अशी त्यांची समजूत होती. त्यांना प्रार्थनेंत आपली आठवण ठेवण्यास सांगून ते निघाले. ह्या वेळीं नाहीं म्हणणारा गव्हर्नर नव्हता. मित्रांचें प्रेम होतें, आणि तें मोडणें अधिक कठीण असतें.

त्या समुद्रांत ‘कोराकोरा’ नांवाची लांब, अरुंद होडी चालते. दोन्ही अंगांस उलांड्या असतात, वारा असेल तेव्हां शीड उभारतात, नसेल तेव्हां वल्हेकरी तालावर वल्हीं मारतात. अशा होडींतून किनाऱ्या-किनाऱ्यानें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं फ्रान्सिस तीन महिने हिंडले. तेथें गहूं नाहीं, द्राक्षारस नाहीं. ताडासारख्या एका झाडाचा गाभा कुटून, धुवून त्याची भाकरी करीत. दुसऱ्या झाडाचा रस पीत. झाडाच्या सालीचीं वस्त्रें नेसत. (आपण उपवासास खातों तो साबुदाणा आतां एका कंदापासून करितात, पण मूळचा साबुदाणा तो ह्याच झाडाच्या गाभ्याचा.) एक डोंगर सारखा आग ओकीत होता, राख पडत होती, दगड उडत होते व जमीन हादरत होती. २९ सप्टेंबर १५४६, संत मायकल ह्यांच्या सणाच्या दिवशीं, ते मिस्सा अर्पण करीत असतां असा भूकंप झाला, कीं वेदीच कोसळते कीं काय असें त्यांस वाटलें. मिस्सा त्यांनीं थांबविली नाहीं. लोकांनीं भिऊन अर्थ विचारला, तेव्हां त्यांनीं त्या काळच्या समजुतीप्रमाणें सांगितलें, कीं संत मायकल सैतानांस नरकांत लोटीत आहेत. आज एखाद्या मुलानें मला तेंच विचारलें तर मी ज्वालामुखी म्हणजे काय तें सांगेन. परंतु भ्यालेल्या माणसांजवळ उभें राहण्याचें जें काम होतें, तें फ्रान्सिस ह्यांनीं तेथें केलें.

कोणीं त्यांना विष घातलें नाहीं. ज्या गांवांविषयीं एवढा बोभाटा होता, त्यांनीं त्यांस घरांत घेतलें, आजाऱ्यांजवळ नेलें, मुलें पुढें केलीं. पुढें त्यांनीं सोबत्यांस लिहून कळविलें, कीं ह्या बेटांवर मिळालें तितकें आत्मिक समाधान आपणांस अन्यत्र कोठें मिळाल्याचें आठवत नाहीं, आणि त्या बेटांस परमेश्वरावरील आशेचीं बेटें हें नांव शोभेल. ज्यास रोज शत्रूची भीति, ज्यास औषध नाहीं, ज्यास सोबती नाहीं, त्याला आशेवांचून दुसरें उरत तरी काय? परंतु ह्या समाधानांत ते रमून राहिले नाहींत. मोरोचीं गांवें पुन्हां एकटीं पडूं नयेत म्हणून त्यांनीं येशूसंघाच्या धर्मगुरूंस मलुकूस बोलावून घेतलें. १५४७ सालीं जुवांव दा बैरा व त्यांचे सोबती तिकडे गेले. बैरा ह्यांनीं त्या गांवांसाठीं पुष्कळ वर्षें हाल सोसले.

त्याच १५४७ सालीं, ईस्टरनंतर, फ्रान्सिस ह्यांनीं तेर्नाते सोडलें. लोकांचें रडणें पाहवणार नाहीं म्हणून ते जवळजवळ मध्यरात्रीं होडींत चढावयास गेले. पण बातमी फुटली होती व सर्वजण किनाऱ्यावर हजर झाले. तेर्नातेचे सुलतान हैरून मुसलमान असूनहि त्यांच्याशीं मित्रभावानें वागत. ह्याच सुलतानांचा १५७० सालीं पोर्तुगीजांनीं विश्वासघातानें खून केला. त्यामुळें उसळलेल्या युद्धांत १५७५ सालीं पोर्तुगीजांचा किल्ला गेला, आणि मोरोच्या ख्रिस्ती गांवांचा बहुतेक विध्वंस झाला. सोकोत्र्यास शिकविणारा मिळाला नाहीं म्हणून दिवा विझला. मोरोस तो मिळाला होता, पण आपल्याच राज्यकर्त्यांच्या पापानें तो दिवा मालवला.

पुढील वर्षांविषयीं थोडक्यांतच सांगतों. १५४८ त ते गोव्यास परतले; गव्हर्नर जुवांव द कास्त्रो ह्यांना भेटण्यासाठीं आपल्या वसईसहि येऊन गेले. १५ एप्रिल १५४९ रोजीं ते जपानाकडे निघाले, मलाक्क्याहून एका चिनी गलबतांतून पुढें गेले आणि १५ ऑगस्टला कागोशिमा येथें उतरले. जपानांत दोन वर्षांहून अधिक काळ काढल्यावर त्यांना कळून आलें, कीं जपानी लोक विद्येसाठीं चीनकडे पाहतात. चीननें स्वीकारलें तर जपान स्वीकारील. म्हणून १५५२ च्या एप्रिलांत त्यांनीं शेवटचें गोवा सोडलें.

चीनमध्यें परक्यास प्रवेश नव्हता. त्यासाठीं त्यांचे मित्र दियोगू परैरा ह्यांनीं राजदूत होऊन जावें व फ्रान्सिस त्यांच्याबरोबर असावेत असें ठरलें होतें. परंतु मलाक्क्याचे कप्तान आल्व्हारो द आताइद, जे वास्को द गामाचे पुत्र होते, त्यांनीं परैरांस जाऊं दिलें नाहीं. ‘सान्ता क्रूझ’ जहाज गेलें, फ्रान्सिस गेले. राजदूत व नजराणे मागें राहिले. ऑगस्टच्या अखेरीस ते कँटनच्या दक्षिणेकडील शांगच्वान बेटास, ज्याला पोर्तुगीज सांशियांव म्हणत, येऊन पोहोंचले. तेथें पोर्तुगीज व्यापारी चोरून व्यापार करीत. त्यांना पक्कीं घरें बांधण्याची मनाई होती, म्हणून लांकडाच्या व गवताच्या झोंपड्या घालीत आणि निघतांना त्या जाळून टाकीत. अशा एका झोंपडींत फ्रान्सिस मिस्सा अर्पण करूं लागले.

समोर चीनचा किनारा होता. एका चिनी व्यापाऱ्यानें भरपूर मिऱ्यांच्या मोबदल्यांत त्यांना रात्रीं कँटनच्या वेशीशीं नेऊन सोडण्याचें कबूल केलें. पकडले गेले तर तुरुंग किंवा मरण, हें दोघांसहि ठाऊक होतें. ठरलेला दिवस १९ नोव्हेंबरचा होता. होडी आली नाहीं. तोंवर बहुतेक गलबतें परत फिरलीं होतीं व अन्नाची टंचाई झाली होती. २१ नोव्हेंबरला मिस्सेनंतर त्यांना ताप भरला. जहाजावर नेलें, पण जहाजाचें हेलकावणें सोसेना म्हणून पुन्हां किनाऱ्यावर आणलें. जवळ आंतोनियो नांवाचा एक चिनी ख्रिस्ती तरुण होता. तो गोव्याच्या संत पॉल विद्यालयांत शिकलेला होता. त्यांच्या शेवटच्या दिवसांची जी हकीकत आपणांस मिळाली आहे ती त्याच्यामुळें. तापाच्या भरांत फ्रान्सिस आकाशाकडे पाहून प्रार्थना करीत होते, आणि मधूनच आंतोनियोला न कळणाऱ्या एका भाषेंत बोलत होते. ती त्यांची लहानपणची बास्क भाषा असावी असें पुढें अभ्यासकांस वाटलें. ३ डिसेंबर १५५२ रोजीं पहांटेपूर्वीं, आंतोनियोनें हातांत दिलेली मेणबत्ती जळत असतां, त्यांनीं प्राण सोडला. वय ४६ वर्षें.

थंडी कडक होती. दफनास आंतोनियो व आणखी तिघे, एवढेच चौघे होते. हाडें पुढें सहज नेतां यावींत म्हणून त्यांनीं पेटींत चुना भरला. १७ फेब्रुवारी १५५३ रोजीं ‘सान्ता क्रूझ’ परतीस निघण्यापूर्वीं पेटी उघडून पाहिली, तों देह जसाच्या तसा होता. तोच देह घेऊन, ज्या जहाजानें ते आले होते त्याच जहाजानें, शिडें उभारून लोक मलाक्क्यास निघाले. आताइद अजून तेथील कप्तान होते. ते स्वागतास आले नाहींत. गांवांत त्या वेळीं रोगाची साथ होती, आणि सारें गांव मेणबत्त्या घेऊन बंदरावर आलें होतें.